डॉक्टर हलत नाहीत

"ढकल," डॉक्टर म्हणाले.

मी ढकललं. म्हणजे ढकलल्याचं सोंग केलं. माझे दोन्ही तळवे त्यांच्या छातीवर होते. डॉक्टरांनी कमरेतून अंग जरासं फिरवलं आणि मी, पंचाण्णव किलोचा गडी, चार हात लांब भुशात जाऊन आपटलो. नाकातोंडात सागवानाचा भुसा गेला.

"आज झकास पडलास की," डॉक्टर म्हणाले.

"तुमच्यापुढं आमचं काय चालतंय, डॉक्टर," असं म्हणत मी कपडे झटकत उठलो.

साफ खोटं होतं ते. त्या सकाळी मी मनात आणलं असतं तर म्हाताऱ्याला सहज जागचा हलवला असता. दिवाळीपासून तीन महिने हे असंच चाललं होतं. रोज सकाळी साडेसहाला आम्ही वखारीच्या मागच्या आवारात भेटायचो, हाताला हात लावायचो आणि मी पडायचो. पडण्यात मी इतका तरबेज झालो होतो की एखाद्या नाटक कंपनीनं मला पगारावर ठेवलं असतं.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या जानेवारीतली, मिरजेतली. मी नेमगोंडा मगदूम, लाकडाच्या वखारीत मुकादम. त्याआधी पैलवान होतो, पण तेविसाव्या वर्षी गुडघा गेला आणि तालमीचा दरवाजा बंद झाला. डॉक्टर तेव्हा सत्तरीचे होते. आता मी स्वतः सत्तरी ओलांडली आहे, तरी ती सकाळ आठवली की माझ्या नाकात अजून भुसा जातो.

डॉक्टर म्हणजे लियू डॉक्टर. मार्केटाच्या मागं त्यांचा दातांचा दवाखाना होता, पाटीवर लाल रंगात हसणारी कवळी काढलेली. ऐन तरुणपणी, इंग्रजांच्या काळात, ते चीनमधून बायकोला घेऊन आले आणि मिरजेचेच झाले. मराठी अगदी आमच्यासारखी बोलायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एक मुलगी, ती लग्न होऊन कलकत्त्याला. गावात सगळे त्यांना चिनी डॉक्टर म्हणायचे, आणि चिनी डॉक्टरनं काढलेली दाढ दुखत नाही असं आजूबाजूच्या वीस गावांत बोललं जायचं.

मीही दाढ काढायलाच गेलो होतो. बहात्तर साली त्यांच्या खुर्चीत बसलो, चिमटा तोंडाजवळ आला आणि एवढा मोठा पैलवान मी, भ्यालो. त्यांचं मनगट गच्च धरलं. माझ्या पकडीतून भल्याभल्यांचे हात सुटले नव्हते. पण ते मनगट सुटायला बघतच नव्हतं. मी ओढलं तिकडं आलं, ढकललं तिकडं गेलं, आणि धरायला काही आहे की नाही तेच मला कळेना. मी चक्रावून बघत राहिलो, तेवढ्यात दुसऱ्या हातानं त्यांनी दाढ काढून बशीत टाकलीसुद्धा.

"ह्यो कुठला डाव, डॉक्टर?" तोंडात कापूस धरून मी विचारलं.

"डाव न्हाई. तू जोर लावलास, मी न्हाई लावला."

मग मी आठ महिने त्यांच्या मागं लागलो. ते कुणाला शिकवत नसत. मी रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसायचो, ते रोज "दात दुखतोय का? न्हाई? मग जा," म्हणायचे. एक दिवस त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "वखारीमागं भुसा हाय न्हवं? पडलं तर लागणार न्हाई. उद्या येतो."

लोकांना वाटायचं चिनी कुस्ती म्हणजे उड्या आणि किंकाळ्या. इथं तसलं काही नव्हतं. आम्ही समोरासमोर उभे राहायचो, मनगटाला मनगट टेकवायचं आणि सावकाश हात फिरवायचे, जात्याचा खुंटा दोघींनी धरून फिरवावा तसे. समोरच्याचा तोल कुठं आहे ते हातानं ऐकायचं. हो, ऐकायचं, डॉक्टरांचा तोच शब्द होता. जोर आला तर अडवायचा नाही, आणि हातही सोडायचा नाही. तो जाईल तिकडं जायचं आणि तो संपला की त्याला हळूच वाट दाखवायची.

"जोर म्हंजे घाबरल्याली ताकद," ते म्हणायचे. "तुला घाई झालीया नेम्या. तुझे खांदेच सांगतात मला, आता ह्यो काय करणार ते."

तालमीत मी दहा वर्षं खांदे कमावले होते. ते सैल सोडायला मला चार वर्षं लागली. या दहा वर्षांत मी त्यांना एकदाही जागचं हलवलं नाही. पन्नास किलोसुद्धा नसतील, पण ढकलावं तर हात कुठंतरी भलतीकडंच जायचे आणि मागोमाग मी. वखारीतले हमाल सकाळी चहा पीत बघायचे आणि पैजा लावायचे, आज मुकादम किती वेळा पडणार. माझी त्याला हरकत नव्हती. खरं सांगतो, दिवसातली तीच तासाभराची वेळ मला स्वतःची वाटायची. घरी म्हातारी आई, बायको, दोन पोरं, वखारीत मालक. सगळ्यांना माझ्याकडून काहीतरी हवं असायचं. डॉक्टरांना फक्त माझा हात हवा असायचा.

एक्याऐंशी साली मुलीनं कलकत्त्याला चला म्हणून फारच लकडा लावला. तेव्हा डॉक्टरांनी तिला पत्र लिहिलं आणि मलाही वाचून दाखवलं, चिनीतून मराठी करत. 'ज्या दिवशी नेमगोंडा मला जागचा हलवेल, त्या दिवशी मी तुझ्याकडे येईन. तोपर्यंत माझे पाय शाबूत आहेत असं समज.'

"म्हंजे तुम्ही मरंस्तवर मिरजेतच," मी हसून म्हणालो.

"बघू की," ते म्हणाले.

त्यानंतर दर महिन्याला त्यांचं पत्र जायचं आणि पहिल्या ओळीत तेच असायचं, अजून हललो नाही.

आणि मग दिवाळी आली. पाडव्याच्या सकाळी हात फिरवता फिरवता मला डॉक्टरांच्या डाव्या बाजूला काहीतरी पोकळ लागलं. मी मुद्दाम काही केलं नव्हतं. हात आपोआप तिकडं गेले आणि त्यांची डावी टाच भुशातून वर उचलली गेली. बोटभरच. पुढं अर्धं पाऊल टाकलं असतं तर ते गेलेच होते. दहा वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो आला. हे आता कलकत्त्याला जाणार. मी झटकन हात काढला, पाय अडखळल्यासारखं केलं आणि स्वतःच आडवा झालो.

त्या दिवसापासून मी नुरा खेळायला लागलो.

नुरा म्हणजे आधीच ठरवून खेळलेली खोटी कुस्ती. बाविसाव्या वर्षी एका जत्रेत मी ती एकदा खेळलो होतो. वस्तादांनी सांगितलं, पंधरा मिनिटं लढव आणि पाठ टेक. टेकली. फडातल्या माणसांना ते कळलं, त्यांनी टोप्या उडवायच्या ऐवजी ढेकळं उडवली. वडील त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी जैन बस्तीत जाऊन देवापुढं हात जोडून सांगितलं होतं, परत कधी असलं करणार नाही. आणि आता रोज सकाळी करत होतो, तेही ज्यांनी मला हाताचा खरेपणा शिकवला त्यांच्याशी.

जानेवारीच्या शेवटी डॉक्टरांची मुलगी आली. श्यूलान तिचं नाव, पंचेचाळीसच्या आसपासची, ठेंगणी, चष्मेवाली. जन्म मिरजेतला, पण वयाच्या सोळाव्या वर्षी लग्न होऊन गेलेली, त्यामुळं मराठी जवळजवळ विसरलेली. माझ्याशी हिंदीत बोलायची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला दवाखान्यात बोलावणं पाठवलं. डॉक्टर पलंगावर झोपले होते, आतल्या खोलीत.

तिनं काचेचं कपाट उघडलं. दाढा काढायचे सगळे चिमटे वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून ठेवलेले. वरचा कागद दसऱ्याच्या आठवड्यातला होता.

"चार महिने झाले, बाबांनी एक दात काढलेला नाही," ती म्हणाली. "नुसत्या कवळ्यांची मापं घेतात. दाढ काढायला कुणी आलं तर हत्यारं धार लावायला गेलीत म्हणून सांगतात. तुम्हाला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. रोज तासभर त्यांचा हात हातात धरून मी उभा राहत होतो आणि मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचंच नव्हतं म्हणा.

तिनं पर्समधून पत्रांचा गठ्ठा काढला. चिनी मला कुठली वाचता येणार, पण दिसत होतं. जुन्या पत्रांतली अक्षरं हरभऱ्याएवढी होती, नव्या पत्रांतली मोहरीएवढी, आणि ओळी उजवीकडं खाली घसरलेल्या.

"मी चार वर्षं त्यांच्यासाठी एक खोली रिकामी ठेवलीय," ती म्हणाली. "जबरदस्ती मी करणार नाही. ते शब्दाचे पक्के आहेत. म्हणून तुम्हालाच विचारते. ते अजून हलत नाहीत?"

आतल्या खोलीत पलंग कुरकुरला. दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास भरून राहिला होता. मी त्या गुंडाळलेल्या चिमट्यांकडं बघितलं आणि तरीही म्हणालो, "नाही. डॉक्टर हलत नाहीत."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "बरं. मग मी परवा एकटीच जाते. बाबा म्हणतात, ह्या माणसाच्या तोंडचं एखाद्या वेळेस चुकेल, पण हातानं तो खोटं बोलत नाही. त्यामुळं तुमच्यावर माझा विश्वास आहे."

मी तिथून निघालो तो वखारीत न जाता सरळ रेल्वेच्या फाटकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. मला माझीच किळस आली होती. आणि तरी आतून, खरं सांगायचं तर, आनंदही झाला होता. डॉक्टर राहणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तर डॉक्टर आधीच येऊन उभे होते. श्यूलानही आली होती. शाल गुंडाळून ती ओंडक्यांच्या थप्पीवर बसली होती. धुकं होतं. हमाल अजून आले नव्हते.

"नेम्या, काल हिला काय सांगितलंस?" डॉक्टरांनी विचारलं.

"सांगितलं. हलत न्हाईत म्हणून."

"हात दे."

मी मनगट पुढं केलं. त्यांनी त्यावर आपलं मनगट टेकवलं. फिरवलं नाही, नुसतं टेकवून उभे राहिले. त्यांच्या हातात बारीक थरथर होती. पूर्वी ती मला थंडीची वाटायची. मी तसं वाटून घ्यायचो.

"दिवाळीपास्नं पडायलायस," ते म्हणाले. "मी फिरायच्या आधीच पडतोस. परवा तर मी काय केलंच न्हवतं, तरी जाऊन पडलास."

माझ्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. "तुम्हाला ठाऊक हुतं?"

"हाताला ठाऊक हुतं. मीच त्याला म्हणलं, गप बस."

"मग बोलला का न्हाई?"

"मलाबी बरं वाटायलं हुतं," डॉक्टर म्हणाले आणि ओशाळं हसले. सत्तर वर्षांच्या माणसाला मी तसं हसताना पहिल्यांदाच बघितलं. "पण काल तू लेकीला खोटं सांगितलंस. ते मी आत पडून ऐकलं. आपल्या दोघांचं आपल्यात हुतं तवर ठीक. तिला कशाला त्यात घ्यायचं? ती चार वर्षं खोली झाडून ठेवतीया."

मी पायानं भुसा उकरत राहिलो.

"आज खरं ढकल," ते म्हणाले. "ती बघायला आलीया."

"न्हाई जमायचं, डॉक्टर."

"का?"

आणि मग माझा बांध फुटला. चौतीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप मी, श्यूलानच्या समोर रडलो. "तुम्ही गेल्यावर मी कुठं जायाचं?" मी म्हणालो. "मला दुसरं हाय कोण? घरात, वखारीत, सगळीकडं मी जोर लावूनच जगतोय. हितंच तेवढा सैल असतो. मला तुम्ही हवाय, डॉक्टर. जाऊ नका."

डॉक्टरांनी बाहीनं माझं तोंड पुसलं, दात काढल्यावर पेशंटचं पुसायचे तसं, जरा रगडूनच.

"हे सांगायला तीन महिने का लागले?" ते म्हणाले. "आधीच बोलायचं. पडून कशाला दाखवायचं? मला वाटलं, तू माझी कीव करायलायस."

"कीव न्हाई वो."

"आता कळलं. मग आता ढकल."

ते आपल्या जागी जाऊन उभे राहिले. उजवा पाय पुढं, डावा मागं, खांदे सैल. मी पुढं झालो आणि तळवे त्यांच्या छातीवर ठेवले. थोडा वेळ नुसतं ऐकलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी खरोखर ऐकत होतो. उजव्या पायाखाली जमीन होती, घट्ट, नेहमीसारखी. डाव्या पायाखाली काहीच नव्हतं. तो पाय नुसता तिथं ठेवलेला होता. आणि त्या दोन्हींच्या मधे डॉक्टर होते, सगळा भार सावरून धरत, इतक्या सफाईनं की बाहेरून कुणालाही कळलं नसतं.

मी जोर लावला नाही. लावायची गरजच नव्हती. त्यांनी फिरायचा प्रयत्न केला, मी फिरण्याबरोबर गेलो. त्यांनी उजवीकडं वाट काढली, मी तिथं आधीच होतो. अडवलं नाही, सोडलंही नाही. मग त्यांचा भार डाव्या पायावर यायची वेळ झाली, मी श्वास सोडला आणि एक पाऊल पुढं टाकलं.

डॉक्टर हलले. एक पाऊल मागं गेले, दोन गेले, तिसऱ्याला डावा पाय वाकला आणि चौथ्याला ते भुशात बसले.

श्यूलान थप्पीवरून ओरडत उठली. मी धावलो, काखेत हात घालून त्यांना उठवायला वाकलो. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"थांब," ते म्हणाले. "बसू दे जरा."

"लागलं का?"

"न्हाई रे. बसू दे."

त्यांनी दोन्ही पाय लांब पसरले, पोरं पसरतात तसे, आणि हात मागं भुशात टेकले. धाप लागली होती. तोंडावर मात्र मी दहा वर्षांत न बघितलेलं काहीतरी होतं. आधी मला ते दुःख वाटलं. ते दुःख नव्हतं.

"बासष्ट साली, चीनची लढाई झाली तवा, दवाखान्याच्या काचेवर दगड आला," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "कुणी मारला कुणास ठाऊक. बायको म्हणाली, कलकत्त्याला जाऊ, तिथं आपली मानसं हायत. मी म्हणलं, आता गेलो तर पळाला म्हणतील. कुणीबी ढकलू दे, मी हलणार न्हाई. पुढच्या साली बायको गेली. मग लेक बोलवायला लागली. न्हाई गेलो. लोक चांगलं वागाया लागले, सगळं निवळलं, तरी मी आपला तसाच. मग ते अंगातच बसलं. हलावं वाटायचं रे, पण मला हलायलाच येईना."

श्यूलान येऊन माझ्या शेजारी उभी राहिली होती. तिला त्यातलं किती कळत होतं कुणास ठाऊक.

"तवा म्हणलं, आपल्याला हलवंल असा कुणीतरी तयार करावा," डॉक्टर म्हणाले. "तू आठ म्हयने पायरीवर बसत हुतास. म्हणलं, ह्यो चिवट हाय, ह्यो जमवंल."

दिवाळीच्या पाडव्यालाच जमलं होतं. त्यानंतर तीन महिने, रोज सकाळी, मी त्या दमलेल्या माणसाला परत उभं करून ठेवत होतो आणि वर माझ्या त्या पडण्याला माया म्हणत होतो.

"चुकलो, डॉक्टर," मी म्हणालो.

"बस हितं," ते म्हणाले आणि शेजारचा भुसा हातानं सारखा केला.

मी बसलो. श्यूलाननं शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली आणि तीही दुसऱ्या बाजूला बसली. डॉक्टर तिच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. ती हसली, मग रडली, मग मान हलवली. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती, दोन तिकिटं काढायची होती, दवाखान्याला कुलूप लावायचं होतं, सगळी कामं पडली होती. हमाल आले, आम्हाला तिघांना भुशात बसलेलं बघून दारातच थबकले आणि आवाज न करता परत चहाला गेले. ऊन थप्पीवरून खाली उतरेपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो.